सूर्यास्ताच्या आत

पहाटे ५.२०

नळाला पाणी आलं. केशवनगरच्या या गल्लीत ते सहाला जातं. चाळीस मिनिटांत दोन पिंपं, सहा कळश्या, एक बादली. मिस्त्री अनवाणी उभे राहून पाइप धरतात. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आहे. पुण्यात थंडी पडायला लागली आहे.

खोली पत्र्याची, दहा बाय बारा. भाडं ४,५०० रुपये, अनामत १५,०००, लाइट बिल वेगळं. राहणारी माणसं तीन. मिस्त्री, त्यांची बायको आणि आठवीतला मुलगा.

"नाव छापायचं नाही. गल्ली लिहायची नाही. दुकानाचं नाव तर अजिबात नाही. बाकी काय ते लिहा." ही अट आधीच घातलेली. आजूबाजूचे त्यांना मिस्त्री म्हणतात, इथेही तेच.

वय ३८. जानेवारी २०२५मध्ये येरवड्यातून सुटले. साडेसहा वर्षं आत होते. गुन्हे चार, चारही घरफोडीचे. चौकीत आणि कोर्टात या गुन्ह्यांना नाव नसतं, आकडे असतात. ४५७, ३८०. रात्री घरात शिरणं आणि राहत्या घरातून चोरी. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हे आकडे ३३१ आणि ३०५ झाले. मिस्त्रींच्या कागदांवर जुनेच आहेत.

आईचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे भाडं पडलं नसतं. तरी सुटल्यावर तिथे राहायला गेले नाहीत. "तिथं कट्टा आहे. कट्ट्यावर जुनी पोरं आहेत. आईला भेटायला जातो, जेवतो, निघतो."

सकाळी ६.४०

बायको हडपसरला एका कंपनीत पॅकिंगला जाते. तिला सातच्या आत रस्त्यावर पोचायचं असतं, कंपनीची गाडी थांबत नाही. महिन्याला हातात साडेअकरा हजार पडतात. मिस्त्री आत होते तेव्हा घर याच पगारावर चाललं.

दोन डबे भरले जातात. चपात्या, मेथी, लसणाची चटणी. मुलाला शाळेत खिचडी मिळते. त्याच्या हातावर दहा रुपये.

निघताना मिस्त्री भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी थांबतात. तिथी बघत नाहीत, वारही नाही. चौकोनाच्या कोपऱ्यात बारीक टायपात सूर्योदय-सूर्यास्त छापलेला असतो, त्यावर बोट ठेवतात. "सहाला आला सूर्यास्त. जूनमध्ये बरं असतं, सव्वासातपर्यंत उजेड."

सायकल जुनी, १,८०० रुपयांना घेतलेली. मुंढवा, घोरपडी, कॅम्पातून भवानी पेठ. पाऊण तास. बसचं जाऊन-येऊन भाडं वाचतं. कॅरिअर रिकामा आहे. हत्याराची पिशवी त्यांच्याजवळ नाही.

सकाळी ८.००

टिंबर मार्केट. ट्रकमधून ओंडके उतरवून झालेत, फळ्या रस्त्यावर आडव्या आहेत. करवतीचा आवाज सुरू झालेला. भुसा चपलेत जातो.

दुकान फर्निचरचं. पुढे शेठचं टेबल, मागे कारखाना. कामाला सातजण. चौघे राजस्थानचे, पिढीजात सुतार. दोघे उत्तर प्रदेशातले. आणि मिस्त्री. राजस्थानच्या मिस्त्रींना रोज १,००० रुपये, यांना ८५०. काम तेच. फेब्रुवारीत ठरवताना शेठ म्हणाले होते, "आधी बघू." बघणं अजून चालू आहे.

मागच्या भिंतीला लोखंडी कपाट आहे. मिस्त्री त्यातून आपली पिशवी काढतात. खाकी कॅनव्हासची, खांद्याचा पट्टा दोनदा शिवलेला. हत्यारं बाकावर मांडतात आणि मोजतात. पटाशा चार: पाव इंची, अर्धा इंची, पाऊण इंची, एक इंची. हातोडी. गुण्या. छोटा रंधा. खतकस, म्हणजे कडेला समांतर रेघ ओढायचं लाकडी हत्यार. स्क्रू ड्रायव्हर तीन. पकड. कानस. जुनं दार उचकटायला एक हातभर कटावणी. ड्रिल मशीन त्यांचं स्वतःचं, ३,२०० रुपयांचं. ते घ्यायला चार महिने लागले.

ही यादी वाचलेली वाटेल. घरफोडीच्या बातमीत शेवटच्या ओळीला हीच असते. 'आरोपीकडून कटावणी, स्क्रू ड्रायव्हर, पकड असे साहित्य जप्त.'

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१चा. त्यातलं १२२वं कलम मिस्त्रींना तोंडपाठ आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं हत्यार जवळ सापडलं आणि समाधानकारक कारण देता आलं नाही, तर तो गुन्हा.

"कारण आहे की माझ्याकडे. मी सुतार आहे. पण कारण विचारणार नाकाबंदीवर, रात्री. पोलिसाच्या हातात मशीन असतं. नाव टाकलं की आधी जुनं येतं वर. सुतार नंतर."

म्हणून नियम त्यांचा त्यांनीच केला आहे. पिशवी दुकानातून बाहेर पडते ती उजाडल्यावर. परत येते दिवस मावळायच्या आत. घरी कधीच नाही. घरी एक खिळाही ठोकायचा असला तर शेजारची हातोडी मागून आणतात.

हत्यारं मोजायची सवय आतली. येरवड्याच्या सुतारकामात पटाशी सकाळी मोजून मिळायची, संध्याकाळी मोजून परत घेतली जायची. एक कमी भरली की सगळे थांबायचे.

सकाळी ९.१५

टेम्पोत एक फ्लश दार, जाळीचं सेफ्टी डोअर आणि बिजागऱ्यांचं खोकं. मागे मिस्त्री आणि एकोणीस वर्षांचा हेल्पर. पोरगा गोरखपूरकडचा, रोज ५००. मिस्त्रींना उस्ताद म्हणतो.

बिबवेवाडी. सोसायटीचं गेट. वॉचमन मोबाइलवर नोंद करतो. फ्लॅट नंबर, काम काय, आधारचे शेवटचे चार आकडे. मग फोटो. मिस्त्री टोपी काढून कॅमेऱ्यासमोर उभे राहतात, सरळ, हात खाली. पोरगा दोन बोटं दाखवून हसतो.

मोबाइलवरून सुतार बोलवायच्या एका कंपनीत त्यांनी एप्रिलमध्ये अर्ज केला होता. कामाची चाचणी पास झाले. पुढे पोलीस पडताळणी होती. कंपनीने कळवलंही नाही. फक्त ॲप उघडायचं बंद झालं.

इथे शेठच्या नावावर काम आहे. शेठला कोणी दाखला मागत नाही.

सकाळी १०.००

तिसरा मजला. घरात काकू आणि त्यांचे आजारी यजमान. काकू बँकेतून निवृत्त. जुनं दार पावसाने फुगलं, मग वाळवी लागली. ते उचकटून काढायचं काम कटावणीचं. मिस्त्री बिजागरीच्या मागे टोक घालतात, मनगटाने एकदाच दाब देतात. स्क्रू लाकडासकट सुटतो. भिंतीचा पोपडासुद्धा पडत नाही. पोरगा बघत राहतो.

नवं दार उभं करून बघायचं, किती घासतं ते. वर तीन मिलिमीटर जास्त आहे. दार आडवं पाडून रंधा. कडेच्या पट्टीवरून पातळ सालपटं निघतात. दोन्ही टोकांकडून मध्याकडे, नाहीतर कोपरा चिरतो. पुन्हा उभं. पुन्हा आडवं. असं चार वेळा. एका दाराचं वजन तीस-पस्तीस किलो भरतं.

बिजागऱ्या चार. प्रत्येकीची खाच पटाशीने. खाच बिजागरीच्या पत्र्याएवढीच खोल हवी. जास्त झाली तर दार चौकटीत अडकतं, कमी झाली तर फट राहते. मिस्त्री खाचेवरून अंगठा फिरवून ठरवतात.

स्क्रूच्या आट्यांना मेणबत्ती घासून मग तो आत. सागवानात असा स्क्रू तुटत नाही. हे आत शिकले. शिकवणारा एक जुना कैदी होता, जन्मठेपेचा. तो कोर्टाची बाकं आणि सरकारी टेबलं करायचा.

दुपारी १.००

जिन्यात बसून डबे. काकूंनी ताक पाठवलं आहे, स्टीलच्या पेल्यांत.

जेवता जेवता हिशेब निघतो. मिस्त्रींचे हिशेब आत गेल्यावरच्या पैशांपासून सुरू होतात. आधीच्या पैशांबद्दल ते एवढंच सांगतात: "आला तसा गेला. एकदा एका रात्रीत दोन लाख. महिन्यानं रिक्षाला पैसे नव्हते."

आत पैसा दिवसाच्या हिशेबाने. ऑगस्ट २०२३मध्ये राज्यातल्या कैद्यांची मजुरी वाढली. अकुशलला दिवसाला ४८चे ५३ झाले, अर्धकुशलला ६१चे ६७, कुशलला ६७चे ७४. मिस्त्री तेव्हा कुशलमध्ये होते. महिन्याचे २६ दिवस भरले तर १,९२४ रुपये. त्यातून साबण, तेल, कँटीन. आणि हप्ता.

कर्जसुद्धा आतलंच. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ला येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची योजना सुरू केली. कैद्याला ५० हजारांपर्यंत कर्ज, व्याज ७ टक्के, तारण नाही. फेडायचं कारागृहातल्या मजुरीतून. २०२३च्या सुरुवातीला मिस्त्रींनी २० हजार काढले. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, राहिलेलं घरभाडं आणि पोराची वह्या-पुस्तकं. महिन्याला नऊशेच्या आसपास हप्ता. दोन वर्षांत फिटलं.

"आयुष्यात पहिल्यांदा बँकेचं कर्ज. तेही जेलमध्ये. बाहेर मला कोण देणार?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारून पाहिलं आहे. ड्रिल मशीनसाठी. एका फायनान्सवाल्याने पगाराची पावती मागितली. रोजंदारीला पावती नसते.

आता महिन्याला २३-२४ दिवस भरतात. वीस हजारांच्या आसपास. भाडं, किराणा, गॅस, पोराची शिकवणी ६००, भिशी १,०००. आणि तारीख.

एक केस अजून चालू आहे. २०१७ची. सोबतचा आरोपी फरार, त्यामुळे अडकलेली. दोन-तीन महिन्यांतून एकदा शिवाजीनगरला कोर्टात उभं राहायचं. पुकारा अकराला होईल नाहीतर चारला. त्या दिवसाचे ८५० बुडतात, वकिलाचे ५०० जातात, झेरॉक्स आणि चहा वेगळा. शेठला काय सांगता? "खरं सांगतो. खोटं सांगून सुट्टी घेतली आणि पुढे कळलं, तर नोकरीच जाईल."

पोरगा डबा धुऊन येतो. दहा मिनिटं दोघे भिंतीला टेकतात.

दुपारी २.१०

मोबाइल थरथरतो. मिस्त्री नंबर बघतात आणि फोन फरशीवर पालथा ठेवतात. पुन्हा वाजतो. तिसऱ्यांदा वाजल्यावर पोरगा म्हणतो, "उठा लो, उस्ताद."

"राँग नंबर है."

नंबर पाठ आहे. जुना जोडीदार. सुटल्यापासून मिस्त्रींनी सिम दोनदा बदललं. तरी नंबर पोचतो, कोणी ना कोणी देतं. मागच्या महिन्यात एकदा उचलला होता. काम नव्हतं काही, नुसतं विचारायचं होतं. हल्ली कुठल्या बिल्डिंगमध्ये कुठली कुलपं बसतात. कोण दिवसभर घरी नसतं. एवढंच सांगायचं. जागेवर यायचं नाही. पाच हजार.

"पाच हजार म्हणजे माझे सहा दिवस," मिस्त्री म्हणतात. मग ड्रिलला बिट लावतात.

दुपारी २.३०

आता कुलूप. दिवसातलं सगळ्यात नाजूक काम.

मॉर्टिस कुलूप दाराच्या जाडीत बसतं. दार ३५ मिलिमीटर. कुलपाची पेटी पंधरा-सोळा. दोन्ही बाजूंना जेमतेम सेंटिमीटरभर लाकूड उरतं. बिट तिरकं गेलं तर टोक दर्शनी बाजूने बाहेर येणार आणि अकरा हजारांचं दार वाया जाणार. ते कोणाच्या रोजातून कापलं जाईल, हे विचारायला नको.

फरशीपासून ४० इंचांवर खूण. गुण्या लावून आडवी रेघ. खतकसाने दाराच्या कडेवर बरोबर मधून उभी रेघ. पेन्सिल कानावर. मिस्त्री कुलूप रेघेवर धरतात, एक डोळा मिटतात, मग पुन्हा मोजतात.

ड्रिल. एकाखाली एक सहा भोकं. प्रत्येक भोकाआधी थांबून बिट फुंकतात. बिटवर निळी टेप गुंडाळली आहे, टेपपर्यंतच आत जायचं. मग अर्धा इंची पटाशी. भोकांमधले पडदे फोडून चौकोनी खोबण. हातोडी हलकी, मनगटातून. भुसा ओला-पिवळा, बोटाने बाहेर काढायचा. कुलूप आत सरकवून बघायचं. अडतं. बाहेर काढून, जिथे काळा डाग पडला आहे तिथेच एक साल. पुन्हा आत. चौथ्यांदा ते शेवटपर्यंत सरकतं, हाताने ढकलावं लागत नाही आणि सैलही नाही.

काकू चहा घेऊन आल्या आहेत. दारापाशी उभ्या राहतात.

"मिस्त्री, कुलूप कुठलं चांगलं हो? म्हणजे चोराला उघडता येणार नाही असं."

पोरगा मिस्त्रींकडे बघत नाही. त्याला काही माहीत नाही. मिस्त्री चहाचा कप फरशीवर ठेवतात.

"हे चांगलंच आहे, ताई. कुलपापेक्षा चौकट बघायची. कुलपाची जीभ चौकटीत जिथे जाते, तिथल्या प्लेटला कंपनी पाऊण इंची स्क्रू देते. ते नुसते वरच्यावर असतात. मी दोन इंची मारतो. ते पार सागवानात जातात. आणि फट ठेवायची नाही. दार लावल्यावर नाणं जाता कामा नये."

"नाणं?"

"फट असली की कटावणी जाते."

काकू फटीकडे बघतात, मग कुलपाकडे. "तुम्हाला बरीच माहिती आहे."

"कामच आहे," मिस्त्री म्हणतात आणि चहा संपवतात.

दुपारी ४.१०

टेम्पो जुनं दार आणि राडारोडा घेऊन निघून गेला. त्याला आणखी दोन फेऱ्या आहेत. सेफ्टी डोअर बाकी आहे आणि त्याचा कडी-कोयंडा.

बातमीत 'कडी-कोयंडा तोडून' असं येतं ते याचं. चार स्क्रूंवर बसवलेला कोयंडा एका झटक्यात निघतो, कुलूप तसंच लटकत राहतं. मिस्त्री स्क्रू वापरत नाहीत. आरपार बोल्ट घालतात आणि नट आतल्या बाजूने. बोल्टचे सहा रुपये जास्त. शेठ कुरकुरतात. मिस्त्री स्वतःच्या डबीतले घालतात.

लोखंडी चौकट भिंतीला बसवायला अँकर. पहिलं भोक विटेत जातं आणि रवाळ होतं, अँकर धरत नाही. दोन इंच खाली दुसरं. तिथे काँक्रीट लागतं. मशीन तापतं. थांबावं लागतं. जिन्याच्या खिडकीतून ऊन आता तिरकं येतं आहे.

संध्याकाळी ५.३५

मुख्य दाराची प्लेट अजून बसायची आहे. तिच्याशिवाय कुलूप नुसतं फिरतं, लागत नाही.

मिस्त्री खिडकीकडे बघतात. मग मोबाइलवर वेळ. मग प्लेटकडे.

"ताई, हे उद्या सकाळी आठला येऊन केलं तर?"

काकू घाबरतात. "अहो, असं कसं? रात्रभर दार नुसतं लोटून ठेवायचं? यांना उठताही येत नाही. कोणी शिरलं तर?"

मिस्त्री काही बोलत नाहीत. गुडघ्यावर बसतात आणि प्लेटची खूण करायला घेतात.

येरवड्यात ही वेळ मोजणीची. दिवस मावळायच्या आत सगळ्यांना रांगेत मोजून बराकीत घ्यायचं आणि कुलूप लावायचं. साडेसहा वर्षं या वेळेला त्यांच्यावर बाहेरून कुलूप लागत होतं. इथे ते लाकडात खाच पाडत बसले आहेत. पाव इंची पटाशी, बारीक ठोके. घाई केली तर प्लेट वाकडी बसेल.

पोरगा मोबाइलची बॅटरी धरून उभा आहे.

संध्याकाळी ६.२५

दोन इंची स्क्रू शेवटपर्यंत गेले. काकू किल्ली फिरवतात. दोनदा आतून, दोनदा बाहेरून. मिस्त्री खिशातून रुपयाचं नाणं काढून फटीला लावतात. जात नाही.

काकू शंभराची नोट पुढे करतात. मिस्त्री ती पोराला देतात. जिन्यातला भुसा झाडून गोणीत भरतात. किल्ल्या तीन असतात, त्या तिन्ही मोजून काकूंच्या हातात. "एक, दोन, तीन. बघून घ्या, ताई." हे ते मोठ्याने म्हणतात. शेजारच्या दारातही ऐकू जाईल इतक्या.

बाहेर पूर्ण अंधार. आणि पिशवी.

शेठला फोन लावतात. शेठचा पुतण्या स्कूटर घेऊन लक्ष्मी रोडला गेला आहे. रिक्षाला शंभरच्या वर जातील, शेठ देणार नाहीत. पिशवी काकूंकडे ठेवावी, तर उद्या काम वानवडीला आहे.

मिस्त्री पिशवी पोराच्या खांद्यावर अडकवतात. "संभालके. मशीन है."

बसला गर्दी आहे. दोघांचं तिकीट दहा-दहा रुपये, मिस्त्रीच काढतात. पोरगा पुढच्या दाराजवळ पिशवी पायात धरून उभा. मिस्त्री मागे, खिडकीपाशी. दोघांच्या मध्ये बारा-पंधरा माणसं. स्वारगेटच्या अलीकडे बॅरिकेड लावलेलं आहे, दोन पोलीस दुचाकीवाल्यांना बाजूला घेत आहेत. बस निघून जाते. पोरगा कानात वायर घालून गाणं ऐकतो आहे. त्याला पिशवी जड लागते, एवढीच त्याची तक्रार.

संध्याकाळी ७.१०

दुकान. पिशवी बाकावर उलटी. पटाशा चार. स्क्रू ड्रायव्हर तीन. पकड, कानस, हातोडी, गुण्या, रंधा, खतकस, कटावणी, मशीन. कपाट बंद. किल्ली शेठकडे.

शेठ ८५० मोजतात. वर पन्नास ठेवतात, उशिराचे. मिस्त्री म्हणतात, "शेठ, थंडीत सहाला काम बंद करायला लागेल. साईटवर असलो तर साडेपाचला." शेठ विचारतात, का. कारण त्यांना माहीत आहे, तरी विचारतात. मग म्हणतात, "सकाळी साडेसातला ये मग." ठरलं. दीडशे रुपयांचा विषय निघत नाही. मिस्त्री तो नव्या वर्षात काढणार आहेत, वर्ष पुरं व्हायला महिना राहील तेव्हा.

रात्री ८.१५

घर. येताना अर्धा लिटर दूध, सहा अंडी, मुलाला भूमितीची पेटी. हातातले ९००, त्यातले २१० गेले. बसचे वीस वेगळे, ते वहीत 'दुकान' असं लिहून ठेवतात. मिळतील न मिळतील.

वही शंभर पानी. रोजची एक ओळ. तारीख, काम, रोज, खर्च. जानेवारीपासून खाडा नाही. एका संस्थेच्या ताईंनी सांगितलं होतं लिहायला, सुटल्यावर ज्यांनी दुकानात शब्द टाकला त्या. केस उभी राहिली आणि अमुक तारखेला कुठे होतास असं कोणी विचारलं, तर दाखवता येईल. मिस्त्री आता त्यात फ्लॅटचा मजला आणि निघाल्याची वेळही लिहितात. आजच्या ओळीत: 'बिबवेवाडी, ३ रा मजला, मेन दार, ६.२५.'

बायकोचे पाय दुखतात. दहा तास उभं राहून पॅकिंग. ती भाकरी थापते, मिस्त्री अंडी फोडतात. मुलगा काटकोन काढतो आहे. मिस्त्री म्हणतात, "दाखव." पेन्सिल घेऊन, न मोजता, फरशीवर एक काटकोन काढतात. पोरगा कोनमापक लावतो. नव्वद. तो मुद्दाम एक्याऐंशी सांगून बघतो. बाप ऐकत नाही.

रात्री १०.४५

गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल थांबते. बायको दार उघडते. आवाज तिच्या ओळखीचा आहे.

दोन बीट मार्शल. रेकॉर्डवरच्या माणसांना रात्री घरी जाऊन बघायचं असतं. कधी आठवड्यातून एकदा, कधी तीनदा. हद्दीत घरफोडी झाली की रोज.

"आहे का?"

"आहे, साहेब." मिस्त्री दारात येऊन उभे राहतात. थोरला मोबाइलवर फोटो काढतो. मागे खोली दिसली पाहिजे, म्हणून दार पूर्ण उघडायला सांगतो. पोरगा पांघरूण डोक्यावरून घेतो.

"काम कुठं सध्या?"

"टिंबर मार्केटला. आज बिबवेवाडीला साईट होती."

धाकटा शिपाई निघता निघता वळतो. "सुतार ना रे तू? माझ्या क्वार्टरचं बाथरूमचं दार फुगलंय. खाली घासतंय."

"रंधा मारायला लागेल. खाली ॲल्युमिनियमची पट्टी लावली तर पाणी पिणार नाही."

"मग रविवारी ये की. संध्याकाळी. आठला सुटतो मी."

"दिवसा येतो, साहेब. सकाळी नऊला."

शिपाई क्षणभर बघतो. थोरल्याच्या ते आधी लक्षात येतं. तो हसतो आणि गाडीला किक मारतो.

"बरं, सकाळी. घेशील किती?"

बायको आतून बघते आहे. मिस्त्री ॲल्युमिनियमच्या पट्टीची लांबी बोटांवर मोजतात.

"पाचशे. पट्टीचे वेगळे."

"पोलिसाकडनं पण?"

"सगळ्यांना तोच रेट आहे, साहेब."

"साडेतीनशे."

"साडेचारशे. त्याच्या खाली मला नाही परवडत."

शिपाई मान हलवतो. गाडी जाते. मिस्त्री वही काढतात आणि पुढची ओळ आजच लिहून ठेवतात: 'रविवार, स. ९, बाथरूम दार, ४५०.' मग बायकोला म्हणतात, शनिवारी दुकानातून पिशवी आणता येणार नाही, रविवारी उजाडल्यावरच जाऊन आणावी लागेल, तेव्हा आंघोळीचं पाणी सहाला तापत ठेव.